शिरोरेषेवर अडखळणारं पेन: निब बदलू की आहे तीच सरळ करू?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुमारास एका प्रदर्शनातून काळं एबोनाइटचं (म्हणजे कडक केलेल्या रबराचं) पेन घेतलं, ड्रॉपरने शाई भरायचं. दांडी जाड, वजनाला हलकं, शाई भरपूर मावते. पण निबेने वैताग आणलाय. उभ्या रेघा, वेलांट्या ठीक येतात. शब्द संपवून वर शिरोरेषा ओढायला गेलं की खर्रर्र, आणि रेघ मधेच कोरी. इंग्रजी लिहिताना एवढं जाणवत नाही, मराठीतच जास्त. शाई कॅमलची रॉयल ब्लू.

घरात जिनहाओ एक्स ४५० पडून आहे. त्याची निब सुरेख चालते, पण ते पितळी अंगाचं पेन अर्ध्या तासात हाताला जड होतं. त्याची निब काढून या पेनात बसेल का? विकणारा म्हणाला होता की यात ३५ मिलिमीटरची निब आहे. जिनहाओवाली ६ नंबरची म्हणतात. हे एकच माप की वेगळं?

आणि भाऊ म्हणतो, हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आण आणि टोक घास, दोन मिनिटांचं काम. घासू का?

निळाई

ताई, काहीही करायच्या आधी पेन धुऊन बघितलंत का? नव्या निबेवर आणि आतल्या भागांवर कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून पुढचा भाग बुडवून ठेवा, मग साध्या पाण्याने खळखळून धुवा. माझी निम्मी पेनं एवढ्यावरच सुधारली.

घड्याळजी

भावाला सांगा, वॉटर पेपरने खिडकीची चौकट घास. निबेला लावू नको.

मी घड्याळं दुरुस्त करतो, पेनं हे दुकानातलं जोडकाम. गिऱ्हाईक येतं ते बहुतेक वेळा निब घासून आणलेलीच घेऊन. स्टीलच्या निबेच्या टोकावर कठीण धातूचा बारीक मणी डकवलेला असतो. सगळे त्याला सवयीने इरिडियम म्हणतात. हार्डवेअरचा कागद हा मणी पाच-दहा फेऱ्यांत खाऊन टाकतो. मग उरतं नुसतं स्टील, ते कागद फाडत जातं आणि त्यावर माझ्याकडे तरी इलाज नाही.

निळाईंचं बरोबर आहे, आधी धुवा. पण तुमच्या वर्णनावरून मला दुखणं दुसरंच वाटतंय. उभी रेघ बरी आणि आडवी खरखरते, म्हणजे निबेची दोन पाती वरखाली झाली आहेत. शिरोरेषा आपण डावीकडून उजवीकडे ओढतो. त्या वेळी उजवं पातं पुढे असतं आणि डावं मागून येतं. डावं पातं केसभर खाली आलेलं असलं की त्याची आतली कड कागदात रुतते. उजवीकडून डावीकडे ओढून बघा. तिकडे गुळगुळीत आणि इकडे खरखर असं असेल तर डावंच पातं खाली आहे. उलट असेल तर उजवं. मराठीत त्रास जास्त का, तर एवढ्या आडव्या रेघा एका दमात इंग्रजीत कोण ओढतं?

दहापट भिंग मिळवा. नाहीच मिळालं तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने टोकाचा समोरून फोटो घेऊन मोठा करा. निबेचं टोक डोळ्यासमोर धरायचं, वरची बाजू वर. दोन्ही मणी एका पातळीत दिसले पाहिजेत. जे पातं खाली आहे ते नखाने हलकेच वर उचला, क्षणभर धरा, सोडा, बघा. स्टील परत मागे येतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा करावं लागतं. एका झटक्यात सरळ करायला गेलात तर दुसऱ्या बाजूला जाईल. पक्कड अजिबात नको.

एवढं करूनही बारीकशी खरखर उरली तरच घासायचं. तेही १२,००० नंबरच्या मायक्रोमेशवर किंवा १ मायक्रॉनच्या लॅपिंग फिल्मवर, म्हणजे पॉलिशसाठीच्या अतिबारीक कागदावर. पेनात शाई भरलेली हवी, हाताचा भार शून्य, कोन आपण नेहमी लिहितो तोच. इंग्रजी आठचा आकडा आडवा काढायचा, चार-पाच वेळा. थांबायचं, लिहून बघायचं. हावरेपणा केला की टोकाच्या आतल्या कडा गोल होतात आणि शाई कागदापर्यंत पोचतच नाही. मग प्रत्येक रेघेचा पहिला मिलिमीटर कोरा. गुळगुळीत पण न लिहिणारी निब हे खरखरीत निबेपेक्षा वाईट दुखणं.

आता निब बदलण्याबद्दल. ३५ मिलिमीटर ही निबेची लांबी, आपल्याकडचे पेनवाले लांबीवर बोलतात. ५ नंबर, ६ नंबर हे माप ढोबळमानाने जिभेच्या, म्हणजे निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या भागाच्या, जाडीवरून आलंय. ३५ची निब साधारण ६ नंबरच्या जवळपास जाते, म्हणून बसण्याची शक्यता बरीच आहे. पण लांबी जुळली म्हणून निब जुळली असं नाही. निबेची गोलाई जुळायला हवी. योवो आणि बॉक या दोन्ही जर्मन कारखान्यांच्या ६ नंबरच्या निबा घेतल्या तरी एकीच्या जिभेवर दुसरी सारखी बसत नाही. तिथे आपल्या हातकारागिरीच्या पेनाचं काय घेऊन बसलात.

तेव्हा जिनहाओची निब बाहेर काढून आधी या पेनाच्या जुन्या जिभेवर नुसती धरून बघा. उजेडाकडे केल्यावर दोहोंच्या मधून उजेड दिसला तर शाई तिथेच तुटणार.

काढायची कशी: शाई ओता, पुढचा भाग कोमट पाण्यात बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको, एबोनाइटची काळी झळाळी जाऊन तपकिरी पडतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन निब आणि जीभ दोन्ही एकत्र, मुळाशी धरून सरळ ओढा. पिळायचं नाही, टोकाला धरायचं नाही. काढण्याआधी निब किती आत होती त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर आठवत नाही कुणालाच.

डावखुरा

घड्याळजींचं पातं-पुराण वाचून आमच्या जमातीचं दुःख आठवलं. आम्ही डावखुरे शिरोरेषा ओढत नाही, ढकलतो. त्यामुळे तुम्हाला जी निब जराशी खरखरते ती आम्हाला नांगरासारखी कागदात घुसते.

ज्यांना हातोडा-पक्कड नकोच आहे त्यांनी अशी पेनं घ्यावीत ज्यांची निब बदलणं सोपं आहे. लामी सफारीची निब सेलोटेप चिकटवून सरळ ओढली की निघते, दुसरी सरकवली की झालं. पायलटची एमआर, काकुनो आणि प्ल्युमिक्स यांच्या निबाही आपसांत चालतात. मी काकुनोची बारीक निब एमआरमध्ये घालून वापरतो.

पाटीपेन्सिल

काका, कमाल! शेजारच्या सोनारांकडून भिंग आणलं. डावं पातं खरंच खाली होतं, फोटोतसुद्धा दिसतंय. नखाने उचलत उचलत एका रेषेत आणलं. खरखर गेली. पण शाई अजून फिकी उतरते. जरा दाबलं की गडद होते, सोडलं की परत फिकी. आता जिनहाओची निब घालू का?

घड्याळजी

दाबल्यावर गडद होते, म्हणजे दोन पात्यांमधली चीर टोकाशी फार घट्ट आहे. भोकापासून टोकाकडे चीर निमुळती होत जायला हवी आणि अगदी टोकाशी पाती जेमतेम टेकलेली हवीत. तुमची आवळून बसली असणार. ०.०५ मिलिमीटरची पितळी शिम, म्हणजे अगदी पातळ पत्रा, लेथवाल्यांकडे मिळते. तिची बारीक पट्टी कापून भोकाच्या बाजूने चिरेत घाला आणि टोकाकडे ओढून घ्या, दोन-तीनदा. दाढीचं ब्लेड घालू नका. ते जाड पडतं आणि आतून ओरखडे उठतात.

एकदा शिम फिरवली की लगेच लिहून बघा. चीर रुंद करणं सोपं, परत मिटवणं त्रासाचं.

तरीही सुधारलं नाही तर जीभ निबेला टेकलेली आहे का बघा. तुमच्या पेनाची जीभ एबोनाइटची असेल तर हा सगळ्यात सोपा भाग. निब आणि जीभ जोडून, फक्त तेवढाच भाग, चहा करतो तितक्या कडक पाण्यात अर्धा मिनिट बुडवा. बाहेर काढून फडक्याने धरून अंगठ्याने जीभ निबेवर दाबा, आणि दाबलेलीच गार पाण्यात धरा. एबोनाइट तापलं की नरम होतं आणि थंड होताना त्या आकारात बसतं. दांडी मात्र त्या पाण्यात जाऊ देऊ नका. जिनहाओची जीभ प्लॅस्टिकची आहे, तिच्यावर हा प्रयोग नको.

जिनहाओची निब घालायचीच असेल तर घाला, पण जोर लावून नाही. पेनाच्या तोंडाशी एबोनाइट पातळ असतं, निब ठोकून बसवली तर तडा जातो. सैल बसली तर लिहिता लिहिता गोल फिरेल. माझं मत विचाराल तर तिला तिच्या पेनातच राहू दे. कॅनराइटच्या सुट्या निबा ५ आणि ६ दोन्ही मापांत मिळतात, चांगल्या असतात. त्यातली एक आणून बसवून बघा.

अजून एक. पेनात शाई तळाला गेली की एकदम थेंब पडायला लागेल. तेव्हा निबेला दोष देऊ नका. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. ड्रॉपरच्या पेनाचा तो स्वभावच आहे. तिसरा हिस्सा शाई उरली की भरून टाकायची.

बोरूबहाद्दर

विषयाला थोडा फाटा फोडतो. कुणी देवनागरी सुलेखनासाठी चपटी निब घेणार असाल तर सावध. रोमन अक्षरांसाठी तिरकी कापलेली निब आपल्याला उलटी पडते. त्यांची जाड रेघ वरून डावीकडून खाली उजवीकडे येते, आपली वरून उजवीकडून खाली डावीकडे. म्हणून आपला बोरू दुसऱ्या बाजूला तिरका कापतात. सरळ कापलेली प्ल्युमिक्सची चपटी निब चालते, मात्र मनगट वळवावं लागतं. आणि ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई फाउंटन पेनात चुकूनही भरू नका. वाळली की चीर, जीभ सगळं बंद.

पाटीपेन्सिल

शिम फिरवली, लिहितंय! रॉयल ब्लू पहिल्यांदाच निळी दिसतेय. कॅनराइटची निब मागवलीये तरीही, हौस म्हणून. काका, शेवटचं एक: बाबांचं जुनं हिरो पेन आहे, निब झाकलेली, फक्त टोक दिसतं. वर्षानुवर्षं शाई वाळलेली आहे आत. त्याचीही निब काढून साफ करू?

घड्याळजी

नका काढू. त्या पेनांचं वरचं आवरण बऱ्याचदा चिकटवलेलं असतं, गरम केल्याशिवाय फिरत नाही, आणि आत हवेची नळी असते ती अगदी नाजूक. साधं पाणी वाटीत घ्या, टोक बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी मागची रबराची पिशवी दाबून पाणी आत घ्या, बाहेर सोडा. पिशवी कडक झालेली वाटली तर दाबू नका, आधी तिला हात लावून बघा. पाणी निळं येत राहील. ते नितळ येईपर्यंत रोज थोडं करत राहा, घाई नको. मग कोरडं करून साधी निळी शाई भरा. पातं वरखाली असेल तर ते बाहेर दिसतं तेवढ्या टोकावरूनही सरळ करता येतं, भिंग आहेच तुमच्याकडे. सोनारांना परत दिलं नसेल तर.