ताप उतरवायची एवढी घाई कशासाठी?

जागरणवाली:
परवा रात्री अडीचला लेकाच्या काखेतला थर्मामीटर काढला. १०१.२. वय तीन वर्षं, पोरगं गाढ झोपलेलं, श्वास संथ, ओठ ओले. घरातले मात्र सगळे जागे: "उठव आणि औषध पाज." मी उठवलं नाही. तेव्हापासून सासूबाईंचा अबोला.

माझं म्हणणं एवढंच की ताप हा आजार नाही. संसर्ग झाला की मेंदूतला हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची पातळी वर सरकवतो. म्हणून तर ताप चढताना हुडहुडी भरते, अंग भट्टीसारखं तापलेलं आणि पावलं बर्फासारखी गार. पॅरासिटामॉलने ती पातळी खाली येते, आजार तिथल्या तिथेच. मग थर्मामीटरला औषध पाजायचं का पोराला?

कडूगोळी:
झोपलेल्याला उठवू नये, शंभर टक्के मान्य. पुढचं अजिबात नाही. अंग ठणकत असलेल्या माणसाच्या उशाशी बसून "ताप तुझ्या भल्याचाच आहे" असं सांगून बघा एकदा!
तापमान एका अंश सेल्सियसने वाढलं की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, अंगातलं पाणीही जास्त जातं. हृदय किंवा फुफ्फुसं आधीच थकलेल्या वृद्धांना हा भार झेपत नाही. आणि मुलांचं म्हणाल तर तापात पाण्याचा घोट न घेणारी माझी मुलगी औषधानंतर तासाभरात स्वतःहून पेला मागते. मला तेवढं कारण पुरतं.

जुनी_पुस्तकं:
जागरणवालींच्या बाजूने. ऑस्ट्रियाचे डॉक्टर वॅग्नर-यॉरेग यांनी मेंदूपर्यंत गेलेल्या सिफिलिसच्या रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणला आणि १९२७ चं नोबेल मिळवलं. ताप हेच औषध!

कडूगोळी:
त्यातले काही रुग्ण त्या मलेरियानेच गेले, तेही लिहा की. पेनिसिलिन आल्यावर तो उपचार मागे पडला, तो उगाच नाही.

पुतण्याचा_काका:
तुमचे वाद चालू द्या. माझ्या पुतण्याला तापात आकडी आली होती, डोळे फिरलेले मी पाहिलेत. तेव्हापासून आमच्याकडे ९९ दिसलं की औषध. कोणी शहाणपणा शिकवू नये.

रात्रपाळी:
काका, मी परिचारिका आहे, शिकवणारच. तापातली आकडी साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते आणि ताप उतरवायच्या औषधाने ती टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ९९ ला तर तापही म्हणत नाहीत, १००.४ पासून पुढे.
आकडी आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हटवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

पण जागरणवाली, "ताप चांगला" हे वाक्य सरसकट फेकू नका हो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ म्हणजे लगेच डॉक्टर, वाट बघणं नाही. मूल मोठं असलं तरी मलूल पडलं, लघवी कमी झाली, मान ताठली किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर आकडा १०० असो की १०४, निघायचं. उन्हाने कोसळलेल्या माणसाची गोष्ट तर वेगळीच. तो ताप नव्हे. तिथे गोळीचा उपयोग नाही, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा.

मला खरी भीती मापाची वाटते. पॅरासिटामॉल एका वेळी वजनाच्या किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार तास, दिवसात चारच्या वर नाही. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. आता बाटली बघा: ५ मिलीत १२० असेल तर साडेसात मिली, २५० असेल तर जेमतेम साडेतीन. "एक झाकण" हे माप नव्हे! शिवाय सर्दीच्या औषधातही बरेचदा पॅरासिटामॉल असतं. दुप्पट गेलं तर भोगतं यकृत. ॲस्पिरिन मुलांना देऊच नका.

जागरणवाली:
वृद्धांचा मुद्दा मान्य, सरसकट बोलले. बाटल्या आत्ताच काढल्या. दोन निघाल्या, एक १२० ची, एक २५० ची, आणि दोन्हींना मोजायला एकच चहाचा चमचा. सासूबाईंना दाखवलं. बोलल्या नाहीत, पण चमचा उचलून नेला.

कडूगोळी:
हे बरं झालं. पण पोर जागं असेल आणि कण्हत असेल, तर १०० लाही मी देणार.

जागरणवाली:
आणि १०२ ला खेळत असेल तर?

कडूगोळी:
तेव्हा नवऱ्याशी भांडेन. तो देऊन टाकेल.