रानातल्या मोटारीला २जी स्टार्टर बसवावा का? हे नेटवर्क चालतं तरी कसं?

जांबोटीकर:
नमस्कार मंडळी. आमचं गाव जांबोटीच्या पलीकडं, चोर्ला घाटाच्या अंगाला. पाण्याच्या मोटारीला सिमवाला, म्हणजे फोनवरनं मोटार चालू-बंद करणारा, स्टार्टर बसवायचाय कारण थ्री फेज लाईट रात्री-अपरात्री येते आणि बाबांना त्या वेळेला रानात पाठवायला नको वाटतं. दुकानदार म्हणतोय २जीचा घ्या, स्वस्त पडतो. भाऊ म्हणतोय उद्या २जी नेटवर्कच बंद पडलं तर पैसे पाण्यात. पण बाबांच्या बटणाच्या फोनवर तिथनं कॉल लागतो आणि माझ्या फोनवर नुसतं ई दिसतं, नेट हलत नाही. असं का होतंय?

टॉवरवाला निपाणी:
टॉवरच्याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. २जी म्हणजे दुसऱ्या पिढीचं मोबाइल नेटवर्क, आपल्याकडं जीएसएम नावाचं. एक चॅनेल २०० किलोहर्ट्झचा, त्याचे वेळेनुसार आठ भाग पाडतात, पाटाच्या पाण्याची पाळी असते ना तसं, आठ जणांना आळीपाळीनं. एकेक पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याला जरा जास्त, आणि ती सेकंदाला साधारण २१७ वेळा परत येते. जुना फोन रेडिओजवळ ठेवला की कॉल यायच्या आधी टर्र टर्र वाजायचं ते ह्याच्यामुळंच. आवाजाला १३ केबीपीएसच (सेकंदाला १३ हजार बिट) लागतात म्हणून सिग्नल बारीक असला तरी बोलणं होतं. त्यात ९०० मेगाहर्ट्झची लहर डोंगर-झाडीत बऱ्यापैकी आत शिरते आणि २जी फोन त्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) २ वॅटपर्यंत जोर लावू शकतो, ४जीचा ०.२ वॅटच्या आसपास. पण लांब पोचणं हे बँडवर असतंय, ४जी पण खालच्या, म्हणजे कमी मेगाहर्ट्झच्या, बँडवर लावलं तर लांब जातं. तुमच्याकडं ते लावलेलं नसणार.
ई म्हणजे एज, २जीवरचंच नेट. आजची ॲपं त्याच्यावर उघडणारच नाहीत. आणि ज्या फोनला किंवा सिमला ४जीवरनं कॉल जमत नाही तो कॉलसाठी २जीवर उतरतो, तेवढा वेळ नेट बंदच.

सौंदत्ती रोड:
यल्लम्माच्या जत्रेत बघा की, फोनवर दांड्या फुल्ल आणि कॉल लागत नाही. पाळ्याच संपलेल्या असतात! गर्दीला २जी कामाचं नाही. मराठीत एसएमएस केला तर ७० अक्षरांतच एक मेसेज संपतो, इंग्रजीत १६० मिळतात. मोटार चालू-बंद करायला मात्र मिस्ड कॉल नाहीतर एसएमएस पुरतो, नेट लागतच नाही. आमच्या उसाला तसाच स्टार्टर आहे, चांगला चाललाय.

खानापूर लाईन:
एक गोष्ट कुणी बोललं नाही ती सांगतो, सुरक्षितता. २जीत सिम टॉवरला ओळख पटवून देतं पण टॉवर खरा का खोटा हे फोन तपासत नाही, म्हणून खोटा टॉवर लावून फसवे मेसेज पाठवता येतात. जुनं एन्क्रिप्शनही, म्हणजे बोलणं-मेसेज गुप्त ठेवायचं कुलूप, फोडता येतंय. त्यामुळं बँकेचा ओटीपी येणारा नंबर स्टार्टरला घालू नका, वेगळं सिम घ्या. स्टार्टरला तुमचा आणि बाबांचा असे ठराविकच नंबर जोडा, नाहीतर कुणाच्याही कॉलनं मोटार सुरू होईल. नवीन अँड्रॉइड फोनमध्ये २जी बंद करायचं बटण असतं, शहरात ते जरूर करा, तुमच्या रानात केलं तर कॉलच लागणार नाही.

टॉवरवाला निपाणी:
बरोबर बोललात. आणि जिओचं सिम त्या स्टार्टरमध्ये चालणार नाही, त्यांच्याकडं २जी पहिल्यापासनंच नाही. शिवाय तुमचं गाव सीमेवर, फोन कधी कर्नाटक सर्कल (मोबाइल कंपन्यांचा विभाग) तर कधी गोव्याच्या बाजूचा टॉवर पकडणार, तो महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो. म्हणून स्टार्टरला ज्या कंपनीचं सिम घालणार, आधी त्याच कंपनीचं सिम बाबांच्या फोनमध्ये घालून मोटारीच्या पेटीजवळ ठेवा आणि रात्री चार-पाचदा कॉल लावून बघा. कॉल लागत असेल तर स्टार्टर घ्या, पण दुकानदाराला विचारून ४जी आणि २जी दोन्ही चालणारा घ्या, थोडा महाग पडला तरी. उद्या टॉवरवर ४जी आलं तर पेटी बदलायला लागणार नाही.

जांबोटीकर:
दोन्ही चालणाराच बघतो. उद्या संध्याकाळी सिम घेऊन रानात जातो, कॉल लागला का ते इथं लिहितो.