मदत हवी आहे: जबड्याचा डिस्ट्रॅक्टर ७ मिमी फिरवला, फट मात्र ३ मिमीच दिसते

मुखशल्य_पीजी

रुग्ण १३ वर्षांची मुलगी. उजव्या टीएमजेचा (कानाजवळचा जबड्याचा सांधा) अँकिलोसिस होता, म्हणजे सांधा हाडाने जखडला होता. गॅप आर्थ्रोप्लास्टी (जखडलेलं हाड काढून फट ठेवण्याची शस्त्रक्रिया) पूर्वीच झाली आहे आणि तोंड नीट उघडतं. उजवा जबडा आखूड, हनुवटी उजवीकडे गेलेली. दुसऱ्या दाढेच्या मागे ऑस्टिओटॉमी (हाडाचा काप) करून आतून बसणारा डिस्ट्रॅक्टर, म्हणजे चावीने फिरवून हाडाचे दोन तुकडे हळूहळू दूर नेणारं साधन, लावला आहे. लक्ष्य १५ मिमी.

लॅटन्सी (कापानंतर फेरे सुरू करण्याआधीची वाट) ६ दिवस. एका पूर्ण फेऱ्याला ०.५ मिमी, सकाळी एक फेरा, संध्याकाळी एक. नोंदवहीप्रमाणे आज ७ मिमी झाले. ओपीजीवर (पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे) फट जेमतेम ३ मिमी, तीही खालच्या कडेला जास्त आणि वर कमी. खालच्या दातांची मिडलाइन (मधली रेघ) जवळपास तिथेच आहे. दोन दिवसांपासून चावी जड फिरते आणि फिरवताना दुखतं.

१. हाड वेळेआधी जुळायला लागलंय का?
२. रोजचा वेग २ मिमी केला तर जुळलेलं सुटेल, असं सुचवलं गेलंय. करावं का?
३. ताणामुळे हाड नेमकं कसं तयार होतं? पालकांना आणि केस प्रेझेंटेशनमध्येही सांगायचंय.

पेच_आणि_प्लेट

वेग वाढवू नका. अडथळा कुठे आहे हे कळण्याआधी जोर लावला तर स्क्रू उपसतात किंवा प्लेट वाकते, आणि मग डिस्ट्रॅक्टरच बदलावा लागतो.

आधी डिस्ट्रॅक्टर स्वतः किती उघडलाय ते मोजा. ओपीजीवर आडवं माप विश्वासाचं नसतं, प्रतिमा मोठी होते आणि जागोजागी वेगळ्या प्रमाणात. डिस्ट्रॅक्टरच्या दांड्याची खरी जाडी माहीत असते, ती त्याच फिल्मवर मोजून ढोबळ प्रमाण काढा. मग दोन्ही फूटप्लेटमधलं (हाडाला स्क्रूने धरणाऱ्या पट्ट्या) अंतर बसवल्यादिवशीच्या फिल्मशी ताडून पाहा.

प्लेट ३ मिमीच लांबल्या असतील तर फेरे दांड्यापर्यंत पोचलेच नाहीत. चावी टोकावर घसरते, अर्धा फेरा पूर्ण म्हणून लिहिला जातो, किंवा चावी काढताना थोडी उलटी फिरते. पालकांना तुमच्यासमोर एक फेरा करायला लावा, लगेच उलगडतं.

प्लेट ७ मिमी लांबल्या आणि हाड नाही, तर स्क्रू सैल आहेत, प्लेट वाकली आहे किंवा हाडाचा काही भाग अजून जोडलेला आहे. तुमची फट एका टोकाला जास्त आहे, त्यामुळे माझा संशय तिसऱ्यावर. दुसऱ्या दाढेमागे लिंग्वल कॉर्टेक्स (जिभेकडच्या बाजूचं कठीण हाड) दिसत नाही, तिथे अक्कलदाढेचा अंकुर असतो, आणि इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह (खालच्या दातांची व ओठाची संवेदना नेणारी नस) वाचवताना करवत आखडती घेतली जाते. मुलांचं हाड लवचिक. ओल्या फांदीसारखं ते एका बाजूने उघडतं, दुसऱ्या बाजूने नुसतं वाकतं. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करून फक्त लिंग्वल बाजू बघा.

दिवसाला १ मिमी या वेगाने, पूर्ण कापलेलं हाड इतक्या लवकर जुळणं १३ व्या वर्षी सहसा होत नाही.

अस्थिपेशी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे पहिल्या दोनांइतकंच कामाचं आहे, म्हणून जरा सविस्तर.

लॅटन्सीच्या दिवसांत फटीत गाठलेल्या रक्ताची जागा ग्रॅन्युलेशन टिश्यू (जखम भरताना येणारी मऊ ऊती) घेतो, पेरिऑस्टियममधून (हाडावरचं आवरण) पेशी आणि नव्या रक्तवाहिन्या येतात. ताण सुरू झाला की कोलॅजनचे तंतू आणि रक्तवाहिन्या ओढीच्या दिशेला समांतर लागतात. मधोमध मऊ तंतुमय पट्टा राहतो. त्याच्या दोन्ही अंगांना खनिज जमण्याची आघाडी असते आणि तिथून हाडाचे बारीक स्तंभ दोन्ही तुकड्यांकडून मध्याच्या दिशेने वाढतात. पकड घट्ट असेल तर हाड बहुतांशी थेट बनतं, कूर्चेचा टप्पा फारसा येत नाही. तुकडे हलत राहिले तर कूर्चा वाढते आणि हाड रेंगाळतं. चिवट अन्न नको म्हणतात ते यासाठी.

आता आकडे. फट १ मिमी असताना ०.५ मिमीचा फेरा म्हणजे ५० टक्के ताण. फट १० मिमी झाल्यावर तोच फेरा ५ टक्के. ही सरासरी, प्रत्यक्षात हा ताण जवळजवळ सगळा मधल्या मऊ पट्ट्यावर पडतो, कडेच्या खनिज झालेल्या भागावर नगण्य. हाड जुळण्यावर काम केलेल्या पेरेनच्या मांडणीनुसार हाड साधारण २ टक्के ताण सोसतं, कूर्चा १०, ग्रॅन्युलेशन टिश्यू १०० पर्यंत. म्हणून मधला पट्टा लांबत राहतो आणि कडा हाड होत जातात.

पेशीला ताण कळतो तो इंटिग्रिन (पेशीला बाहेरच्या जाळ्याशी बांधणारी प्रथिनं) आणि फोकल ॲढेजन कायनेज या विकराच्या वाटेने. स्टॅनफर्डमधल्या लाँगेकर यांच्या गटाने २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये उंदराच्या जबड्यावरचं काम प्रसिद्ध केलं. हळूहळू ताणलेल्या जबड्यात हाडाच्या मूळपेशींनी गर्भावस्थेतल्या न्यूरल क्रेस्टसारखी (चेहऱ्याची हाडं घडवणाऱ्या पेशींची) जनुकं पुन्हा चालू केली. हे कायनेज अडवलं तेव्हा नवं हाड झालं नाही. म्हणजे हळूहळू पडणारा ताण हीच पेशींसाठी हाड बनवण्याची सूचना आहे.

वेगाबद्दल, हाड ताणून लांबवण्याची पद्धत रूढ करणाऱ्या इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांच्या पायावर ०.५, १ आणि २ मिमी असे वेग करून पाहिले होते. ०.५ ला हाड अकाली जुळण्याकडे कल, २ ला रक्तवाहिन्या टिकत नाहीत आणि फटीत तंतुमय ऊती राहते. तोच १ मिमी दिवसातून ६० बारीक टप्प्यांत दिला तेव्हा ऊती सर्वांत चांगली झाली. जबड्यात १९९२ मध्ये मॅकार्थी यांनी मुलांवरचे पहिले निकाल दिले, तेव्हापासून १ मिमीच पाया मानला जातो. नवजात बाळांत दीड-दोन मिमी चालतात, कारण त्यांचं हाड फार झपाट्याने भरतं. तो आकडा १३ वर्षांच्या मुलीला लावू नये.

तुमच्या केसमध्ये लिंग्वल कॉर्टेक्स जोडलेला असेल तर तिथल्या ऊतीवर ताण पडतच नाही. न ताणलेली अरुंद फट हाडाने भरून निघते आणि बिजागरासारखी जोडलेली ती बाजू आणखी पक्की होते. अपुरा काप आणि अकाली जुळणं असं शेवटी एकच होऊन बसतं. त्यातच २ मिमी केलेत तर बाहेरच्या बाजूची ऊती फाटेल आणि आतली बाजू जोडलेलीच राहील.

वाकडी_हनुवटी

ऑर्थोडॉन्टिक्सच्या (दात-जबडा जुळवण्याच्या) बाजूने एक भर. गॅप आर्थ्रोप्लास्टी झालेल्या बाजूला मागच्या तुकड्याला टेकायला कंडाइलचा (जबड्याच्या सांध्यातलं टोक) आधार नसतो. अशा वेळी पुढचा तुकडा पुढे न जाता मागचाच वर आणि मागे त्या मोकळ्या जागेत सरकतो. फट वाढते, हनुवटी जागची हलत नाही. म्हणूनच अनेक जण आधी डिस्ट्रॅक्शन आणि मग अँकिलोसिस सोडवणं असा क्रम पसंत करतात. सीबीसीटीत रॅमसच्या (जबड्याचा मागचा उभा भाग) वरच्या टोकाचं स्थानही आधीच्या स्कॅनशी जुळवून बघा.

मिडलाइन रोज मिलिमीटरमध्ये लिहा, फेऱ्यांच्या रकान्याशेजारीच. दोन आकडे दोन दिवस फारकत घेऊ लागले की तेव्हाच फिल्म काढता येते.

मुखशल्य_पीजी

सीबीसीटी झालं. फूटप्लेट जवळपास ७ मिमी लांबल्या आहेत, पुढची प्लेट किंचित वाकली आहे, स्क्रू घट्ट. बाहेरून खालच्या कडेला ५ मिमी फट, आणि अंकुराच्या मागे लिंग्वल कॉर्टेक्स सलग. रॅमसचं टोक फारसं सरकलेलं नाही. फेरे थांबवले आहेत. युनिट प्रमुख भूल देऊन काप पूर्ण करणार आहेत. त्यानंतर लॅटन्सी पुन्हा ६ दिवस ठेवावी का?

पेच_आणि_प्लेट

माझ्या मते पूर्ण नको. बाहेरच्या बाजूला कॅलस (फटीत तयार होणारं कोवळं हाड) आधीच जिवंत आहे, थांबलात तर तोच घट्ट होईल. दोन-तीन दिवस पुरावेत, पण ऊती किती दुखावली ते टेबलावर बघून प्रमुखांनीच ठरवावं.

काप पूर्ण झाल्यावर टेबलावरच डिस्ट्रॅक्टर काही मिमी पुढे नेऊन दोन्ही तुकडे वर, खाली आणि आतून समांतर सुटतात का ते डोळ्यांनी पाहा, मग परत आणा. वाकलेली प्लेट बदला. सरळ करून वापरलेली प्लेट पुन्हा तिथेच वाकते आणि व्हेक्टर (ओढीची दिशा) बिघडतो. नंतर रोज खालच्या ओठाचा बधिरपणा विचारा, वाढत असेल तर वेग कमी करा.

अस्थिपेशी

दुखण्याला पॅरासिटामॉल ठेवा. आयब्युप्रोफेनसारखी औषधं ज्या प्रोस्टाग्लँडिनना अडवतात ती कॅलसला लागतात.

कन्सॉलिडेशन (फेरे थांबवून हाड पक्कं होऊ देण्याचा काळ) किमान ॲक्टिव्हेशनच्या (फेरे फिरवण्याचा काळ) दुप्पट हा ठोकताळा. १५ मिमीसाठी मी ८ आठवड्यांच्या आत डिस्ट्रॅक्टर काढणार नाही. फटीत नुसता पांढुरका रंग दिसणं पुरेसं नाही. खालच्या कडेला कॉर्टेक्सची सलग रेघ दिसली पाहिजे. चावी लावायचा दांडा हिरडीतून बाहेर राहत असेल तर तेवढा मात्र फेरे संपताच काढा, जंतुसंसर्गाची वाट तीच असते.

वाकडी_हनुवटी

उजवीकडे मागचे दात उघडे पडले तर घाबरू नका, अशा लांबवण्यात ते अपेक्षित आहे. स्प्लिंट देऊन वरच्या दाढा हळूहळू खाली आणता येतात. मिडलाइन थोडी चुकली तर फेरे संपल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत इलॅस्टिक लावून पाहा. तोवर कॅलस वळतो, पुढे त्याला वळवता येत नाही.