विषय: १९ जूनची सहल आणि पत्रकातली ती ओळ

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई

नमस्कार मंडळी,

१९ जूनला जूनटीन्थची, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीच्या आठवणीची, सुट्टी आहे, म्हणून शाळेची वर्षअखेरची सहल त्याच दिवशी ठेवली आहे. सकाळी दहाला तळ्याकाठच्या शेडखाली जमायचं. डबा घरून, ताक मंडळाकडून. मुलांना सुट्टीचं कारण कळावं म्हणून पत्रकाच्या तळाशी एक ओळ टाकली आहे : ‘१८६५ साली याच दिवशी अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेतली गुलामगिरी रद्द केली.’

कोणाला शेंगदाण्याची ऍलर्जी असेल तर कळवा.

प्रेषक: फ्रेडरिकचे काका

ताई, भेळेचं सामान माझ्याकडे लागलं. पण ती ओळ बदला. लिंकन १५ एप्रिल १८६५ लाच गेले, ते जूनमध्ये काय रद्द करणार? त्यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. त्या दिवशी सगळे गुलाम मोकळे झाले. टेक्ससला बातमी अडीच वर्षं उशिरा पोचली, इतकंच. आपल्या दिवाळी अंकासारखं.

प्रेषक: हॅम्प्टनच्या काकू

मेरीलँड सोडून नऊ वर्षं झाली तरी यादीतून माझं नाव कोणी काढलेलं नाही, तेव्हा बोलतेच.

काका, तारीख बरोबर आहे, ‘सगळे’ चुकलं. तो जाहीरनामा यादवी युद्धात संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर मुलखापुरता होता. मेरीलँड, डेलावेअर, केंटकी, मिझुरी या राज्यांत गुलामगिरी होती, पण ती फुटून गेली नव्हती, म्हणून त्यांना हात लावला नाही. टेनेसीही वगळलेलं. म्हणजे २ जानेवारीला तुमच्या फ्रेडरिकमधला गुलाम आदल्या आठवड्याइतकाच गुलाम. सरसेनापती या नात्याने काढलेला हुकूम शत्रूच्या मुलखातच चालणार, आणि वर ही काठावरची राज्यं दुखावायची नव्हती. टेक्ससच्या मालकांना बातमी नव्हती, हेही खरं नाही. हुकूम बजावायला तिथे फौज नव्हती.

मी तर सुरुवात त्याच्याही आधीची धरते. ती माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर झाली, फोर्ट मन्रोला. पाण्याने भरलेला खंदक असलेला दगडी किल्ला आहे. व्हर्जिनिया फुटली तरी हा किल्ला संघराज्याच्याच ताब्यात राहिला. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम होडी वल्हवत खाडी ओलांडून इथे आले. मालक बंडखोरांच्या फौजेत कर्नल. पलीकडे सीवेल्स पॉइंटला तोफांचा मोर्चा बांधायला त्यांना जुंपलं होतं, आणि पुढे बायकापोरांपासून तोडून कॅरोलायनात नेणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं. जिथे आश्रय मागायला आले, तिथलं सरकारही १८५० च्या कायद्याने पळालेला गुलाम परत करायला बांधलेलं. तरी आले.

किल्ल्याचा नवा अधिकारी जनरल बटलर, पेशाने वकील. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन मालकाचा माणूस हजर : कायद्याप्रमाणे आमचे गुलाम द्या. बटलरने वकिली दाखवली. तुम्ही म्हणता ना की व्हर्जिनिया आता परका देश आहे, मग आमचा कायदा कसा मागता? मालकाने येऊन संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि माणसं न्यावीत. शपथ कोण घेणार! आणि हे तिघे शत्रूचा मोर्चा बांधत होते, म्हणून युद्धात जप्त करण्याजोगी मालमत्ता ठरले. ‘कॉन्ट्राबँड’.

चीड यावी असाच शब्द आहे. माणूस माल आहे हे कबूल करूनच त्याला ठेवून घेतलं. पण बातमी गावोगाव गेली. रोज नवी माणसं येऊ लागली, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. जुलैअखेर बटलरने वर कळवलं की माझ्याकडे ९०० जण आहेत, यांचं करू काय? ऑगस्टमध्ये काँग्रेसने बंडखोरांच्या मालमत्तेच्या जप्तीचा पहिला कायदा केला, दुसरा जुलै १८६२ मध्ये. जाहीरनामा त्यानंतरचा. आधी माणसं चालत आली, मागून कायदा धावला.

(हाच किनारा, जिथे १६१९ मध्ये व्हर्जिनियातले पहिले वीसेक आफ्रिकी कैदी उतरवले गेले.)

प्रेषक: चिटणीस

यादी सूचनांसाठी आहे, याची नम्र आठवण. बाकी काकू, छान लिहिलंत.

प्रेषक: टॅक्सवाले भाऊ

चिटणीससाहेब, ही सूचनाच समजा. टॅक्स भरायची १५ एप्रिलची मुदत कधीकधी १८ ला जाते, तेव्हा तुम्ही सगळे मला दुवा देता. तो दुवा डीसीला द्या. १६ एप्रिल १८६२ ला लिंकननी राजधानीपुरत्या मुक्तीच्या कायद्यावर सही केली, जाहीरनाम्याच्या साडेआठ महिने आधी. तिथे त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून मुदत पुढे सरकते.

आता हिशेबाचं. त्या कायद्यात नुकसानभरपाई होती, माणशी ३०० डॉलरपर्यंत. मिळाली मालकांना. तीन हजारांवर माणसं सुटली. त्यांची किंमत ठरवायला बाल्टिमोरचा एक गुलामांचा व्यापारी जाणकार म्हणून बसवला होता. सुटलेल्यांसाठी तरतूद एकच : हैती किंवा लायबेरियाला निघून जाणार असाल तर १०० डॉलरपर्यंत. राबणाऱ्याच्या खात्यात शून्य. इतकी वर्षं ताळेबंद बघतो आहे, असा पाहिला नाही.

प्रेषक: अमरावतीकर

आपल्याकडचा धागा राहतोय. युद्धात दक्षिणेची बंदरं अडवली, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि आमच्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. मुंबईत पैसा असा आला की शेअरच्या नादात माणसं वेडी झाली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली आणि भाव कोसळला. मुंबईच्या कापूस-शेअर बाजारातल्या प्रेमचंद रायचंदसारख्या बड्यांचंही दिवाळं वाजलं. त्या बाजारात बसून तिकडचं युद्ध आणखी वर्षभर चालो, असं मनात आणणारे असतीलच. आपल्याच मातीतल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलाम मुक्त केल्याबद्दल. ती अर्पणपत्रिका कापसाच्या भावाशेजारी ठेवून वाचतो मी.

ताई, ही गोष्ट मुलांना सांगाल का?

प्रेषक: फ्रेडरिकचे काका

काकू, माघार. मेरीलँडचं काल रात्री बसून पाहिलं. इथली गुलामगिरी संपली १ नोव्हेंबर १८६४ ला, राज्याच्या नव्या घटनेने. त्या घटनेवर मतदान झालं आणि किती मतांनी तरली? ३७५! गावोगावच्या मतदारांची मतं मोजली तेव्हा ती पडत होती. छावण्यांतून आलेल्या सैनिकांच्या मतांनी वाचली. आपल्या मंडळाच्या निवडणुकीत याहून मोठा फरक पडतो.

केंटकी आणि डेलावेअर अडूनच बसले. तिथे ६ डिसेंबर १८६५ ला गुलामगिरी देशभर रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होईपर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती. म्हणजे जूनटीन्थनंतरही साडेपाच महिने.

प्रेषक: हॅम्प्टनच्या काकू

माघार कसली काका, ३७५ चा आकडा मला नवा.

टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनला १९ जूनला संघराज्याच्या जनरल ग्रेंजरचा जो हुकूम निघाला तो शेवटपर्यंत वाचा. वरच्या ओळीत सगळे गुलाम मुक्त. खाली सांगितलंय की आहात तिथेच शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, लष्करी ठाण्यांवर गोळा होऊ देणार नाही. चार वर्षांपूर्वी लष्करी ठाण्यावर गोळा झाली म्हणूनच तर ही माणसं सुटायला लागली होती! मी ती ओळ दोनदा वाचली.

ताई, पुढच्या वर्षी सहल इकडे आणा. विद्यापीठाच्या आवारात एक ओक आहे, उंच जायचं सोडून आडवाच पसरलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ शंभर फूट. १८६१ च्या सप्टेंबरात मेरी पीक नावाची स्वतंत्र काळी बाई त्याच्या सावलीत किल्ल्यावर आलेल्यांच्या मुलांना वाचायला शिकवत होती. त्याआधी व्हर्जिनियात ते बेकायदा होतं. पुढे लिंकनचा जाहीरनामा याच झाडाखाली वाचून दाखवला. शाळेच्या सहलीला यापेक्षा चांगली शेड कुठे मिळणार?

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई

मंडळी, ओळ बदलली : ‘१८६५ साली याच दिवशी टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनला गुलामांच्या मुक्तीचा हुकूम जाहीर झाला. आपल्या मेरीलँडमध्ये गुलामगिरी १ नोव्हेंबर १८६४ ला संपली, केंटकी-डेलावेअरमध्ये ६ डिसेंबर १८६५ ला.’ धाकटीने वाचलं आणि विचारलं, होडीतले तिघे कुठे आहेत? ते त्या ओळीत बसेनात, म्हणून त्यांच्यासाठी पत्रक पाठपोट छापते आहे.

ऍलर्जीचं दोघांनी कळवलंय. काका, भेळेत दाणे नकोत.