मदत हवी आहे : प्रेमकथेचं पोस्टर गुलाबी ठेवलं तर फसवणूक, मोडलं तर शेतीचा माहितीपट वाटतो

हिरवा_घड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जळगावला पदविकेच्या प्रकल्पासाठी आमच्या चमूने १८ मिनिटांचा लघुपट केला आहे, नाव ‘घड’. संकलन संपलंय. आता पोस्टर, ७५ सेकंदांचा ट्रेलर आणि इन्स्टाच्या रील करायच्यात. सोबत ५०० शब्दांचं टिपण द्यायचंय: प्रेमकथेचे कोणते संकेत वापरले, कोणते मोडले आणि का.

कथा अशी. रावेरकडच्या केळीबागेत कटाईच्या टोळीचा हिशेब ठेवणारी मुलगी, आणि घड वाहणारा मुलगा. प्रेम खरं आहे. घरच्यांचा विरोध नाही, खलनायक नाही. तिला पुण्यात नोकरी लागते आणि ती जाते. तो अडवायला धावत नाही. डबा बांधून एसटी स्टँडवर सोडायला येतो. लग्नही नाही, मरणही नाही.

दोन पोस्टरं तयार आहेत. ‘अ’: कपाळाला कपाळ, मागे मावळता सूर्य, गुलाबी छटा, वळणदार अक्षरं. बघणारे म्हणतात, “छान, शेवटी लग्न होतं ना?” ‘ब’: पांढऱ्यावर नुसता केळीचा घड आणि जाड अक्षरं. बघणारे विचारतात, “टिश्यू कल्चरवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांवर) आहे का?” मधला रस्ता कसा काढायचा? ट्रेलरमध्ये शेवट न फोडता हा वेगळेपणा कसा दाखवायचा?

तापीकाठ

आधी ‘ब’चं दुखणं. संकेत मोडलेला दिसायला तो आधी ओळखू यावा लागतो. ‘ब’मध्ये प्रेमकथेची एकही खूण शिल्लक नाही, मग तिथे काही मोडलंय हे कुणाला कसं कळणार? ‘अ’चं दुखणं उलटं आहे. त्यात सगळ्या खुणा आहेत, म्हणून तो लग्नाचा शब्द देतो. तुमचा लघुपट तो शब्द पाळत नाही, तेव्हा प्रेक्षक चिडणारच, आणि त्याचं चिडणं रास्त असेल.

आता बघा, तुमचा लघुपट नक्की काय मोडतो? जोडी मोडत नाही, ओढ मोडत नाही. तो मोडतो शेवटचं धावणं, आणि ‘तिने थांबावं’ ही अपेक्षा. मग पोस्टरवरही तेवढंच मोडा. बाकी खुणा राहू द्या. एका पोस्टरवर एकच मोड पुरे. तीन-चार ठिकाणी मोडलं की ते नुसतं चुकलेलं वाटतं.

मोडायची जागा म्हणजे नजर. नेहमीच्या पोस्टरवर तो उंच, ती किंचित खाली, तिचे डोळे मिटलेले किंवा झुकलेले, आणि तो तिच्याकडे बघतोय. ‘अ’चीच चौकट घ्या, पण दोघांचे खांदे एका उंचीवर आणा (त्याला बसवा किंवा तिला बांधावर उभं करा). ती पुढे, फोकसमध्ये. तो अर्धं पाऊल मागे, थोडा धूसर. त्याची नजर तिच्यावर. तिची नजर चौकटीबाहेर, उजवीकडे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे उजवीकडची नजर पुढे जाणारी वाटते. डावीकडे वळवलीत तर ती मागचं आठवतेय असं दिसेल. खांद्यावर प्रवासी पिशवीचा बंद. पहिल्या नजरेत जोडी दिसते, दुसऱ्या नजरेत तो बंद.

एक धोका सांगून ठेवतो. ती दुसरीकडे बघतेय आणि चेहरा पडलेला असेल, तर लोक ‘हिने त्याला सोडलं’ असं वाचतात आणि दोष मुलीवर जातो. तुमच्या कथेत दोष कुणाचाच नाही. म्हणून दोघांच्याही चेहऱ्यावर दुःख नको. ‘उदास हो’, ‘हस’ असं सांगून फोटो काढू नका. संहितेतला स्टँडवरचा संवाद त्यांना खरोखर बोलायला लावा आणि त्या दोन मिनिटांत चाळीसेक फोटो घ्या. ओठ सैल असलेला एखादा हमखास मिळतो.

उजेड_सावली

पोस्टरचा फोटो बागेच्या आत काढू नका. केळीच्या पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो आणि तो गालाच्या सावलीत, हनुवटीखाली बसतो. प्रेमकथेत त्वचा ऊबदार दिसावी लागते. इथे ती आजारी दिसते. नंतर संगणकावर किरमिजी वाढवून उजळ भाग सुधारतो, सावलीतला हिरवा मात्र जात नाही, आणि ओढत बसलात तर ओठ जांभळे होतात.

बागेच्या कडेला, बांधावर उभं करा, पानं मागे ठेवा. सकाळी ऊन तिरपं असताना काढा. खानदेशातलं दुपारचं ऊन डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतं. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं कॅमेऱ्याचं सेटिंग) हाताने बसवा, ‘ऑटो’वर सोडू नका, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येईल. सावलीच्या बाजूने दोन बाय तीन फुटांचा थर्माकोल धरला की हिरवा बराच दबतो.

आणि गुलाब, मोगरा, छत्री यांच्या जागी तुमच्याकडे स्वतःची खूण आहे: केळीचा चीक. तो कपड्यावर वाळला की तपकिरी-काळा डाग पडतो आणि धुतला तरी निघत नाही. त्याच्या शर्टाच्या खांद्यावर, जिथे घड टेकतो, तिथे तो डाग असेलच. तसाच डाग तिच्या ओढणीच्या एका टोकावर दिसू द्या. दोघांत काय आहे ते त्या डागाने कळतं, आणि गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. डाग रंगाने रंगवू नका, खरा चीक लावून वाळवा. रंगाचा डाग कडेला सारखा येतो, चिकाचा मधे फिका आणि कडेला गडद असतो.

कातर_कात्री

ट्रेलरबद्दल. शेवट लपवायचा नाही, प्रेक्षकाची अपेक्षा वापरायची.

पहिली सहा सेकंद संगीत नको, नावं नकोत. हिशेबाची वही, पेनाचे डाग पडलेली तिची बोटं, चिकाने काळी झालेली त्याची बोटं, बागेतले खरे आवाज. हातांचा जवळचा शॉट हा प्रेमकथेचा जुना संकेत, त्यामुळे प्रकार लगेच कळतो. तिथून तिसाव्या सेकंदापर्यंत ओळख, नजरा, बांधावरचं हसणं. संगीत सुरू, शॉट तीन ते चार सेकंदांचे. तीस ते पन्नास नोकरीची बातमी, शॉट निम्म्या लांबीचे. मग स्टँड. डबा घेऊन झपाझप चालणारे त्याचे पाय. संगीत चढत जातं, बघणाऱ्याला वाटतं आता हा धावणार. चौसष्टाव्या सेकंदाला संगीत तोडा. दोन सेकंद शांतता. कंडक्टरची डबल बेल. काळा पडदा, नाव. डबल बेल म्हणजे गाडी निघाली, हे इथल्या पोरापोरांना ठाऊक आहे. कोण गेलं, कोण राहिलं ते तुम्ही सांगितलंच नाही.

इथे तीन गोष्टी बिघडतात. संगीताची घुमणारी शेपटी शांततेत शिरते. तोडायच्या जागी दोन-तीन फ्रेमचा उतार द्या, म्हणजे शेपटी राहत नाही आणि ‘टक’ असा आवाजही येत नाही. शांततेत आवाज पूर्ण शून्य करू नका, मोबाइलवर माणसाला आवाज बंद पडला असं वाटतं. स्टँडचा मंद गलबला खाली चालू राहू द्या. आणि बेल फोनच्या स्पीकरवर कानात घुसते, तिची वरची पट्टी थोडी कापा. पूर्ण ट्रेलरचा आवाज −१४ एलयूएफएसच्या (सरासरी आवाज मोजायचं एकक) आसपास ठेवा.

अजून एक, हे मनापासून सांगतेय. तिच्या वडिलांचा गंभीर चेहरा नोकरीच्या बातमीनंतर जोडून त्यांना खलनायक भासवू नका. तो कट सहज सुचतो आणि परिणामही देतो, पण लघुपटात नसलेला विरोध ट्रेलरमध्ये दाखवणं म्हणजे ‘अ’ पोस्टरसारखाच खोटा शब्द.

हिरवा_घड

तापीकाठ दादा, उजेड_सावली, कात्री ताई, खूप आभार. फोटो परत काढतोय. दोन शंका. संगीत म्हणून एक गाजलेलं हिंदी प्रेमगीत लावलं होतं, चालेल का? आणि पोस्टरवर ओळ अहिराणीत ठेवायची आहे: “तू माले आवडस. पन माले जानं शे.” (तू मला आवडतोस. पण मला जायचं आहे.) फोटोशॉपमध्ये ‘ल’ आणि वेलांट्या विचित्र दिसतात.

तापीकाठ

ओळ ठेवाच. पहिलं वाक्य संकेत पाळतं, दुसरं मोडतं. पोस्टरवरचं सगळं काम त्यात झालं. मधे पूर्णविराम हवा, स्वल्पविराम नको.

गाणं चालणार नाही. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि ट्रेलरवर हक्काचा दावा लागतो किंवा तो अडतो. महोत्सवही हक्कांचे कागद मागतात. रीलसाठी ॲपमधलं गाणं ॲपपुरतंच असतं. त्यापेक्षा आखाजीची (आपल्याकडची अक्षय तृतीया), झोक्यावरची गाणी म्हणणाऱ्या बायांकडून एक गाणं रेकॉर्ड करून घ्या. आखाजीला लेकी माहेरी येतात. येणं-जाणं त्या गाण्यांत मुळातच आहे. पारंपरिक गाण्यावर कुणाचा हक्क नसतो, पण दुसऱ्याने केलेल्या रेकॉर्डिंगवर असतो, म्हणून स्वतः रेकॉर्ड करा, गाणारणींची लेखी संमती घ्या आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं द्या.

छापखाना_धुळे

वेलांटी सुटी पडतेय म्हणजे फोटोशॉपचं अक्षरांचं इंजिन चुकीचं आहे. अक्षरांच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा (त्याची जागा आवृत्तीनुसार बदलते), प्रोग्रॅम बंद करून उघडा आणि मजकूर नव्या चौकटीत टाका. फाँट मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ देणारा घ्या, नाहीतर हिंदी वळण येतं. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा; इंग्रजीसारखं सैल केलंत तर शिरोरेघ तुटते. ‘अ’ची वळणदार अक्षरं सोडा: लहान आकारात जोडाक्षरं बुजतात.

ए-३ साठी ३५०८ × ४९६१ पिक्सेल, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), कडेने कापण्यासाठी ३ मिमी जादा. चार बाय सहा फुटांच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय पुरे, म्हणजे ३४५६ × ५१८४. स्क्रीनवरचा झगझगीत गुलाबी सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) मळकट होतो. ठेवायचाच असेल तर आधी ए-४ वर नमुना काढून बघा. रीलच्या १०८० × १९२० चौकटीत खालच्या पाचव्या भागात अक्षरं नकोत, तिथे ॲपचा मजकूर बसतो.

कातर_कात्री

टिपणाला एक दुवा देते. स्टीव्ह नील या अभ्यासकाने १९८० मध्ये मांडलं की चित्रप्रकार (जॉनर) पुनरावृत्ती आणि फरक या दोन्हींवर चालतो. त्याच चौकटीत लिहा: संकेत काय, आम्ही काय केलं, बघणाऱ्याने काय वाचलं. नजरेच्या मुद्द्याला लॉरा मल्व्ही यांचा १९७५ चा निबंध जोडता येईल, पण तो मुख्यतः पडद्यावर स्त्रीकडे कसं बघितलं जातं याबद्दल आहे, पोस्टरबद्दल नाही, हे स्पष्ट लिहा.

‘काय वाचलं’ यासाठी खरी चाचणी घ्या. ओळखीची नसलेली दहा माणसं, वाचनालय किंवा स्टँडवर. पोस्टर तीन सेकंद दाखवा, उलटं करा आणि विचारा: सिनेमा कशाचा? मुख्य माणूस कोण? पुढे काय होईल? “आवडलं का” विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. सात-आठ जणांनी ‘प्रेमाचा’ म्हटलं आणि शेवटच्या प्रश्नावर उत्तरं फाटली, तर पोस्टर जमलं. सगळ्यांनी ‘लग्न’ म्हटलं तर पिशवीचा बंद दिसत नाहीये; सगळ्यांनी ‘ब्रेकअप’ म्हटलं तर तिचा चेहरा परत बघा. उत्तरं शब्दशः लिहून ठेवा, टिपणात तशीच घालता येतील.

हिरवा_घड

उद्या सकाळी बांधावर फोटो, दुपारी रावेर स्टँडवर दहा जणांना दाखवतो. ओढणीला चीक आजच लावून वाळत घातलाय. उत्तरं आली की इथेच टाकते.

उजेड_सावली

ताई, फोटोच्या आधी ओढणीला इस्त्री करू नका, घडी दिसली की ती नवी वाटते. आणि डागाचं टोक पिशवीच्या बंदाखाली जाऊ देऊ नका.