मदत हवी आहे: कीटकनाशक टाकलं तर झूप्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) वाढले कसे??

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तळ्याचं पाणी भरून सहा टब ठेवलेत, तीन तसेच (कंट्रोल) आणि तीनमध्ये क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक, डोस हिशेबाने लिटरला १ मायक्रोग्रॅम. दुसऱ्या दिवशी बघते तर डॅफ्निया (बारीक कवचधारी झूप्लँक्टन) तळाला आडवे, पोहणं बंद, मायक्रोस्कोपखाली धरले तर हृदय चालू आणि स्पर्शिका मधूनच थरथरतायत. इथपर्यंत ठीक, हे औषध कोलिनएस्टरेज हे एन्झाइम अडवतं, नसांचा सिग्नल थांबतच नाही, ते माहितीये.

पण आता तिसरा आठवडा, आणि मोजलं तर औषधवाल्या टबात एकूण संख्या कंट्रोलपेक्षा जास्त! सगळे रोटिफर (डॅफ्नियाहून कितीतरी बारीक प्राणी), म्हणजे ब्रॅकिओनस नि केराटेला, पाणीपण हिरवंगार. जाळी ५० मायक्रॉनची आहे त्यामुळे कंट्रोलमधले निसटले असंही नसावं. गाईड म्हणतात टोटल घटली नाही ना, मग परिणाम नाही लिही आणि मोकळी हो. मला पटत नाहीये पण भांडायला मुद्दा नाही. काय लिहू?

प्रतिसाद १:
टोटल सोडा हो, तिनेच घोळ केलाय. डॅफ्निया आणि रोटिफर एकाच शेवाळावर जगतात, डॅफ्निया मोठा, दिवसभर पाणी गाळत बसतो, तो असताना रोटिफरच्या वाट्याला उरतं काय? तो मेला की यांची चंगळ. वर क्लोरपायरिफॉसने रोटिफर मरायला डॅफ्नियाच्या हजारो पट डोस लागतो. म्हणजे ही वाढ हाच परिणाम. क्लॅडोसेरा (डॅफ्नियाचा गट), कोपेपॉड (दुसरे बारीक कवचधारी), रोटिफर वेगवेगळे मांडा आणि बायोमास (एकूण वजन) काढा, एका मोठ्या डॅफ्नियाच्या वजनात शेकड्याने रोटिफर बसतात, मग बघा गाईड काय म्हणतात. तीन-तीनच टब आहेत तर प्रत्येक जातीला वेगळी टेस्ट लावत बसू नका, पीआरसी (प्रिन्सिपल रिस्पॉन्स कर्व्ह, सगळ्या जातींचा कंट्रोलपासूनचा फरक काळानुसार एकत्र दाखवणारी पद्धत) करा, 'आर' या स्टॅटिस्टिक्स सॉफ्टवेअरच्या व्हेगन पॅकेजमध्ये आहे.

बाय द वे औषध शुद्ध होतं का दुकानातलं ईसी (पाण्यात मिसळायचं तयार द्रावण)?

धागाकर्ती:
ईसीच 🙈

प्रतिसाद १:
मग सॉल्व्हंट आणि इमल्सिफायरपण गेलं की पाण्यात. सॉल्व्हंट कंट्रोल (औषधाशिवाय नुसतं सॉल्व्हंट घातलेला टब) ठेवलाय?

धागाकर्ती:
नाही ना...

प्रतिसाद १:
असू दे. शीर्षकात 'क्लोरपायरिफॉस फॉर्म्युलेशन' लिहा आणि ही त्रुटी स्वतःच मान्य करा, व्हायवात कोणीतरी विचारणारच. आणि टब एवढ्यात रिकामे करू नका, तळाच्या गाळात एफिपिया (डॅफ्नियाची सुप्त अंडी) असतील तर डॅफ्निया परत येतायत का ते बघा.