कानाचे रिपोर्ट नॉर्मल, त्रास मात्र कायम: आपले अनुभव लिहा

धागाकर्ती, अंबाजोगाई

पडदा शाबूत आहे, मळ नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत, असे सांगून डॉक्टर थांबतात आणि त्रास मात्र सुरूच राहतो, अशा वाचकांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. औषधांची मात्रा देऊ नये. त्याऐवजी त्रास कोणत्या कानात आहे, कशाने वाढतो, कशाने उतरतो आणि कोणत्या तपासणीने दिशा मिळाली, हे सविस्तर लिहावे. गर्दीच्या ओपीडीत हे कोणी विचारत नाही आणि आपल्यालाही सांगायचे सुचत नाही, पण गाठ बहुधा इथेच सुटते, असे माझे मत आहे.

निवृत्त शिक्षिका, लातूर

माझा उजवा कान ठणकत असे. थेंब झाले, गोळ्या झाल्या, सीटी स्कॅनही झाला. कानात काहीच निघाले नाही. सकाळी उठताच ठणका अधिक असतो आणि सुपारी चघळली की वाढतो, ही गोष्ट दाढ दाखवायला गेले असता मी दंतवैद्यांना सहज बोलून गेले, तेव्हा त्यांनी कानाच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून मला तोंड उघडायला लावले. जबड्याचा सांधा कटकट वाजत होता. या सांध्याची आणि कानाच्या बाहेरील भागाची संवेदना वाहून नेणारी नस एकच असल्यामुळे सांध्याचे दुखणे कानाचे वाटते, असे त्यांनी समजावले. मी झोपेत दात खाते, हे घरच्यांना ठाऊक होते. त्याचा कानाशी संबंध असेल, हे कोणाच्या मनात आले नव्हते. रात्री दातांवर बसवायची पट्टी, शेक आणि सुपारी बंद, एवढ्यावर ठणका पुष्कळ उतरला. (यांपैकी सुपारी सोडणे सर्वांत अवघड गेले.)

रोलिंग मिल कामगार, जालना

रात्री दोन्ही कानांत रातकिड्यांसारखी किरकिर चालते. बोललेले ऐकू येते म्हणजे कान चांगले, असेच मला सांगितले जाई. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, काढला तेव्हा त्याची रेषा ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, खाली उतरलेली दिसली. गोंगाटाने झालेली इजा सहसा प्रथम तिथेच दिसते. गेलेले परत येणार नाही, हे स्पष्ट ऐकून वाईट वाटले, पण वणवण थांबली. आता कामावर इअरमफ घालतो आणि झोपताना पंखा चालू ठेवतो.

मुलगा, परभणी

आईचा कान दर पावसाळ्यात खाजत असे आणि ओला राहत असे. अँटिबायोटिकचे थेंब घातले की थोडे दिवस बरे, मग पुन्हा तेच. मधूनमधून लसणाचे तेलही होतेच. मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावर बुरशीचे काळे ठिपके दिसले. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात, बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. कान साफ करून बुरशीवरचे थेंब दिल्यावर फरक पडला.

महाविद्यालयीन कर्मचारी, नांदेड

माझे प्रकरण मिटलेले नाही, तरी लिहिते. डाव्या कानाला दडे बसतात, घों घों आवाज सुरू होतो आणि मग खोली फिरू लागते. कोणी मानेच्या मणक्यांवर खापर फोडले, कोणी पित्तावर, कोणी मन शांत ठेवायला सांगितले. श्रवणचाचणी दर वेळी मी सावरल्यावर, म्हणजे ऐकू येणे पूर्ववत झाल्यावरच होत असे. ती नॉर्मल न आली तरच नवल. अखेर एका डॉक्टरांनी त्रास सुरू असतानाच यायला सांगितले, आणि त्या दिवशी खालच्या पट्टीतल्या आवाजांना डावा कान मागे पडलेला आलेखात स्पष्ट दिसला. मेनिएर या अंतर्कर्णाच्या (कानाच्या सर्वांत आतल्या भागाच्या) विकाराच्या सुरुवातीला ऐकण्यात असे चढउतार होतात. चक्कर अंतर्कर्णातून येऊ शकते, हे फ्रेंच डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी पॅरिसमध्ये १८६१ साली मांडले होते, तरी आपल्याकडे पहिला संशय अजून मानेवरच जातो. अर्धशिशीमुळेही अशीच चक्कर येत असल्याने सध्या डोकेदुखीचीही नोंद ठेवते आहे. लोणचे-पापड कमी केल्याने मला थोडा गुण आला. सर्वांना येतोच असे नाही.

दुकानदार, बीड

एक कान अचानक ऐकेनासा झाला, तर सर्दीचे दडे समजून थांबू नका. मला तसेच थांबवले गेले होते. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो. माझे ऐकणे अर्धेच परतले.

वाचक, हिंगोली

टायफॉइडमध्ये वजन बरेच उतरले, तेव्हापासून स्वतःचाच श्वास आणि आवाज डाव्या कानात घुमतो. आडवा झालो की थांबतो. ऑडिओग्राम, एमआरआय ठीक आहेत. असे आणखी कोणाचे झाले आहे काय?

धागाकर्ती, अंबाजोगाई

नाकामागून मध्यकर्णाकडे जाणारी नळी एरवी मिटलेली असते. वजन झपाट्याने उतरल्यावर ती कधी कधी उघडी राहते, आणि आपले वर्णन त्याच्याशी जुळते. त्रास सुरू असताना, आडवे न होता बसूनच, कान तपासायला सांगा आणि उजवी नाकपुडी दाबून डावीने जोराने श्वास घ्या. पडदा श्वासाबरोबर हलतो का, हे डॉक्टरांना पाहू द्या आणि काय दिसले ते येथे कळवा.